मशीनची उलटतपासणी

चंद्रपूरच्या कोर्टात एखादा जुना कारकून अजूनही नव्या वकिलांना माझी ओळख करून देताना म्हणतो, "या आपल्या मशीनवाल्या वकीलबाई." मी काही यंत्रं दुरुस्त करत नाही. माझ्याच्यानं साधा पंख्याचा रेग्युलेटर बसवला जात नाही. पण टेलिफोन, टेप, इलेक्ट्रॉनिक काटे, पुढे संगणक, असं काहीही भांडणात आलं की फाइल फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायची. या सगळ्याची सुरुवात एका खटल्यापासून झाली आणि तो मी जिंकला. ही गोष्ट सांगताना मी नम्र होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नम्रता ज्यांना पाहायची असेल त्यांनी माझ्यासमोर हरलेल्या वकिलांना भेटावं. त्यांच्याकडे तेव्हापासून पुष्कळ आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या बार रूममधलं सगळ्यांत आधुनिक यंत्र म्हणजे छताचा पंखा होता, आणि तोही कुरकुरत फिरायचा. सनद घेऊन मला तीन वर्षं झाली होती. वडील चामोर्शी तालुक्यात प्राथमिक शिक्षक. आजोबा छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरला बरीच वाट पायी तुडवून गेलेले. मुलीनं शिकायचं यावर घरात कधी वादच झाला नाही, फक्त काय शिकायचं यावर झाला. वडिलांना मी मास्तरीण व्हावं असं वाटे. मी भांडखोर होते. शेवटी तेच म्हणाले, "नाई तरी भांडतच रायतेस, तं त्याची सनद घे."

सनद मिळाली, पण काम मिळेना. ज्येष्ठ वकील मला तारखा मागायला पाठवत. "बेटा, जरा उभी राहून पुढची तारीख घेऊन ये." तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या खटल्यांत पुढच्या तारखाच घेत होते. राहायची खोली गोल बाजाराजवळ, एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर. दुकान एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं. अख्खा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागले. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकून बसत. चंद्रपूरला ते शेवटपर्यंत चांदाच म्हणत राहिले. संध्याकाळी मी जिना चढू लागले की खालून विचारत, "आज काय जिंकलं वकीलसाब?" मी म्हणे, "पुढची तारीख." मग ते इतके हसत की भिंग गळून पडे.

अशात एके दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात अकरा बायका येऊन बसल्या. कोरपन्याकडच्या. पहिल्या एसटीनं निघाल्या होत्या. नऊवार, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि हातांच्या चिरांमध्ये चुनखडीची पांढरी धूळ, जी धुऊन जात नाही. तिकडच्या सिमेंट कारखान्याच्या खाणीत त्या नऊ वर्षं दगड फोडत होत्या. त्या दिवाळीनंतर त्यांची नावं कायम कामगारांच्या यादीत चढायची होती. त्याआधीच, पोळा झाल्या झाल्या, कारखान्यानं अकराही जणींना काढून टाकलं होतं. दोन मोठ्या वकिलांनी कागद पाहून त्यांना परत पाठवलं होतं. तिसऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, ते कीव येऊन की चेष्टा म्हणून, मी विचारलं नाही.

त्यांच्यात एक पुढारीण होती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरं उडावीत. बाकीच्या तिला बाई म्हणत. तिनं पदराची गाठ सोडून एक घडी केलेला कागद माझ्यासमोर धरला.

"वकीलबाई, हे वाचा. अन् आमी याच्यात काय केलं थे आमाले सांगा."

कागद कारखान्याचा होता. अकरा जणी, प्रत्येकीच्या तेरा गैरहजेऱ्या, विनापरवानगी, विनाकारण. खाली तारखा. सात मार्च, चौदा मार्च, एकवीस मार्च, अशा थेट मे महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. तेराही बुधवार होते.

खाणीची रीत मला ठाऊक होती. त्या भागात मंगळवारी बाजार भरायचा, आणि बाजाराच्या दिवशी कोणीच कामावर येत नाही हे मालकांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून कारखान्याची सुट्टी रविवारी असली तरी खाणीच्या या छोट्या फाटकाची सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी फाटकाला कुलूप. मंगळवारी बाजार आणि बुधवारी दांडी, असा त्या कागदाचा अर्थ होता. साहेबानं खाली शेरा मारला होता की बाजारात दारू पिऊन हे लोक दुसऱ्या दिवशी उठतच नाहीत, ही त्यांची सवयच आहे.

आणि आता जे लिहायचं ते लिहिताना अजून कानशिलं तापतात. मी तो शेरा वाचला आणि मला तो पटला. एक क्षणभरच, पण पटला. मी वर पाहून विचारलं, "बाई, बुधवारी काऊन नव्हत्या जात तुम्ही?"

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी बी?" ती म्हणाली. "साहेब म्हणते, समजलं. मुकादम गप रायला, समजलं. तुमी आमच्यातल्या म्हणून इथवर आलो. काम गेलं तं गेलं, दोन हात हायेत, कापूस वेचू. पण कागदावर आमाले बेवडी अन् लबाड लिवलं, थे मले खोडून पायजे."

मला लाज वाटली. माझ्याच आजीच्या हातांवर भाताच्या कापणीचे वण होते आणि मी या बाईच्या हातांकडे न पाहता साहेबाच्या शेऱ्याकडे पाहिलं होतं. मी उठून तिचा हात धरला, कागद परत मागितला आणि त्याच दिवशी वकीलपत्र भरलं. अकरा अंगठे उठले. माझ्या शाईच्या पॅडचा त्या दिवशी निकाल लागला.

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. आधी मुकादम वहीत हजेरी लिहायचा. संक्रांतीनंतर कारखान्यानं हजेरीचं नवं इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं. प्रयोग म्हणून आधी लावलं ते याच छोट्या फाटकावर, या अकरा जणींवर. प्रयोग कुणावर करायचा हे ठरवायला आपल्याकडे कधी वेळ लागत नाही. प्रत्येकीला छिद्रं पाडलेली प्लास्टिकची पट्टी दिली. आत जाताना ती मशीनच्या फटीत घालायची, टिक् असा आवाज झाला की हजेरी लागली. वही बंद. मार्चच्या मजुरीतून चार दिवस कापले तेव्हा बाईनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, मशीनला विचार. चौकशी झाली तेव्हा मुकादमाला विचारलं की या बुधवारी येत होत्या का. त्याला पोरंबाळं होती, तो म्हणाला, "मशीनचं खरं असन साहेब."

मोठ्या वकिलांनी खटला का सोडला ते मला आता कळलं. वहीत खोटं लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करता येतं. तू कुठे बसला होतास, शाई कोणती, हे खोडलं कुणी, असं विचारून त्याला घाम फोडता येतो. इथे लिहिणारा माणूसच नव्हता. मशीनला शपथ कशी द्यायची? कायद्याच्या पुस्तकात तेव्हा याचं उत्तर नव्हतं. मी चार रविवार नागपूरला जाऊन ग्रंथालयात शोधलं, नाही म्हणजे नाहीच.

त्यात कारखान्याच्या वकिलांनी आणखी एक पाचर मारली. ते नागपूरचे, काळ्या गाडीतून येणारे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच तारखेला कामगार न्यायालयात म्हणाले, "साहेब, जूनमध्ये या बायांना आरोपपत्र दिलं. त्या दिवसापासून काढून टाकेपर्यंत एकीचीही गैरहजेरी नाही. धाक बसला आणि सवय सुटली. याहून मोठा पुरावा कोणता?" न्यायाधीशांनी मान हलवली. मी पुढची तारीख मागितली. त्या दिवशी मी जिना चढताना चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी खेकसलेच त्यांच्यावर.

पण भांडखोर माणसाचा एक फायदा असतो, तो रागात कामाला लागतो. कारखान्यानं कोर्टात फक्त गैरहजेरीची यादी दिली होती. मी अर्ज केला की मशीननं जानेवारीपासून छापलेला एकूण एक कागद हजर करावा. त्यांनी तीन तारखा टाळाटाळ केली, आणि न्यायाधीश चिडले तेव्हा मला धडा शिकवायला म्हणून पोतं भरून कागद आणून टाकला. एकमेकांना जोडलेली, दोन्ही कडांना भोकं असलेली, घड्या घातलेली ती पानं. दिवसाला एक पान. पानावर तारीख, पट्ट्यांचे नंबर, वेळ. पोतं रिक्षात घालून मी खोलीवर आणलं. दुसऱ्या दिवशी बाईला बोलावून घेतलं.

दुपारी आम्ही दोघी खोलीच्या फरशीवर बसलो. पानं उलगडली तर खोलीभर झाली आणि उरलेली जिन्यावरून खाली दुकानात उतरली. चाचांनी ती उंबऱ्यावर दगड ठेवून धरली. बाईला वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "तुमी वाचा, मी ऐकून राह्यली."

मी वाचत गेले. सात मार्च, कोणी नाही. आठ मार्च, अकरा हजर.

"थांबा," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी काय लिवलं?"

"बाई, त्या दिवशी तर सुट्टी. त्या दिवसाचं काय पाहायचं?"

"पाहा तं खरं."

मी सहा मार्चचं पान काढलं. मंगळवार. आणि त्यावर अकराच्या अकरा पट्ट्या, सकाळी साडेसातपासून ओळीनं, हजर.

मी पुन्हा वाचलं. मग तेरा मार्च. मंगळवार, अकरा हजर. वीस मार्च, अकरा हजर. कारखान्याचा कारकून मंगळवारचं पान उघडतच नसणार, सुट्टीच्या दिवशी कोण आलं हे पाहायचं कशाला? त्याला फक्त कोण आलं नाही हे हवं होतं.

बाईनं डोळे उघडले आणि ती हसायला लागली. "बाजाराच्या दिवशी आमी खाणीत? फाटकाले कुलूप, चाबी मुकादमाच्या कमरेले, अन् मुकादम बाजारात भजे खाऊन राह्यला. वकीलबाई, आमी वरून उडी टाकून गेलो का?" मग तिचं हसू थांबलं आणि ती सावकाश म्हणाली, "यानं दिवस सरकवला. आमचा मंगळवार उचलून बुधवारावर ठेवला."

नऊ वर्षं ती बाई दिवस बाजाराच्या बाजारी मोजत आली होती. तिच्या डोक्यातलं कॅलेंडर सात दिवसांचं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं.

"पण काऊन सरकवला?" मी म्हणाले. जानेवारीची पानं पाहिली, ती बरोबर होती. मंगळवार रिकामे, बुधवार भरलेले. फेब्रुवारीचीही बरोबर. मार्चपासून बिघडलं. जूनच्या तीन तारखेनंतर पुन्हा बरोबर. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते. खालून, जिन्याच्या पायथ्याहून, चाचांचा आवाज आला.

"बेटा, ये साल लीप का था ना?"

मी जिन्यात आले. चाचा भिंग कपाळावर सरकवून वर पाहत होते.

"हर चार साल का रोना है. ये जो नवे इलेक्ट्रॉनिक घड्याळ निघाले ना, यांना अठ्ठावीस फेब्रुवारीच्या पुढे फक्त एक मार्च माहीत. साल कोणतं चालू आहे ते बिचाऱ्यांना समजतच नाही. यावर्षी मार्च लागला अन् आधा चांदा माझ्या दुकानात. चाचा, तारीख एक दिन आगे भाग गई! मी सगळ्यांची मागे घेऊन दिली. तुमच्या मशीनमध्ये बी तोच अकलेचा डब्बा असेल."

मी परत वर खोलीत धावले. पानांच्या ढिगात गुडघ्यांवर बसून फेब्रुवारीचा शेवट शोधला. अठ्ठावीस फेब्रुवारी. त्याला जोडून, मध्ये फाटलेलं काही नाही, एक मार्च. कोपऱ्यातले पानांचे नंबर सलग. एकोणतिसाव्या तारखेचं पान नव्हतंच. मग मी जून काढला. तीन जूनचं पान होतं, आणि त्याला जोडून आणखी एक तीन जूनचं पान होतं. त्या सुमारास नागपूरचा इंजिनियर देखभालीला आला होता हे बाईला आठवत होतं. त्यानं मुकाट तारीख मागे घेतली होती आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. "धाक बसून सवय सुटली" ती इतकीच.

मी त्या कागदांवर बसून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शब्द नव्हता तो. चाचांनी चहा मागवला. बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता कोर्टात असं नका करजा."

पुढच्या तारखेला कारखान्याचे टाइम ऑफिसचे साहेब पिंजऱ्यात आले. तरुण, इस्त्रीचे, मुंबईला कोर्स करून आलेले. अकरा बायका मागच्या बाकांवर. बार रूममधले लोकही आत येऊन भिंतीला टेकून उभे, पोरीची फजिती पाहायला. मी रात्रभर घोकलेले प्रश्न कमी करत करत मोजकेच ठेवले होते. आधी साहेबांची सगळी दारं त्यांच्याच हातानं बंद करून घ्यायची होती.

"मशीनमध्ये तारीख रोज कोण घालतं?"

"कोणी नाही. ते आपोआप पुढे जातं."

"म्हणजे माणसाचा हात लागत नाही?"

"तोच तर फायदा आहे." ते हसले. "माणूस चुकतो, मशीन चुकत नाही."

"कागदावर जे आहे ते घडलं, आणि जे नाही ते घडलं नाही?"

"बरोबर."

"एखादं पान गहाळ झालं असेल?"

"शक्य नाही. कागद सलग असतो आणि प्रत्येक पानाला नंबर असतो."

त्यांच्या वकिलांनी भुवया उंचावल्या. या पोरीला आपलाच पुरावा पक्का करून का घ्यायचाय, असा तो चेहरा होता. मी पोतं पुढे ओढलं.

"कृपा करून सहा मार्चचं पान काढा. वार कोणता?"

"मंगळवार."

"फाटक उघडं होतं?"

"नाही. साप्ताहिक सुट्टी."

"हजर कोण?"

त्यांनी वाचलं, आणि आवाज खाली आला. "अकरा."

"कुलूपबंद फाटकातून?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं, न्यायाधीशांनी वर पाहिलं. मी थांबले नाही.

"आता एकोणतीस फेब्रुवारीचं पान काढा."

ते पानं उलटू लागले. एकदा, पुन्हा एकदा. घड्या सुटल्या, कागद पिंजऱ्यावरून खाली घसरला, शिपाई उचलायला धावला, तो आणखी उलगडला. साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा डाग उमटत गेला. मी तो पाहत होते, आणि मला फार आनंद होत होता. खोटं कशाला बोलू?

"त्या दिवशी कारखाना चालू होता?"

"होता."

"तुम्ही स्वतः कामावर होता?"

"होतो."

"तुमच्या मशीनच्या हिशेबी तो दिवस उगवलाच नाही. तुम्ही कामावर होता की नव्हता?"

आता न्यायाधीश स्वतः पुढे वाकले. "साक्षीदार, उत्तर द्या."

साहेब पुन्हा पानं चाळू लागले. मी दोन्ही तीन जून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बसले.

नागपूरचे वकील हाडाचे होते, लगेच उठले. म्हणाले, "छपाईत काही गोंधळ असेल. पण एवढं मोठं मशीन फेब्रुवारी विसरतं, ही वकीलबाईंची कविकल्पना आहे." म्हणून पुढच्या तारखेला मी चाचांना साक्षीला आणलं. त्यांनी नवी टोपी घातली होती आणि खिशात दोन इलेक्ट्रॉनिक घड्याळं होती. शिक्षण विचारलं तर म्हणाले, "चौथी. और चालीस साल घड़ी." भिंतीला टेकलेले लोक हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी सुईसारख्या पेचकसानं एका घड्याळात अठ्ठावीस फेब्रुवारी, रात्रीचे अकरा एकोणसाठ लावले आणि ते न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं.

"हुजूर, पाहत राहा."

सगळं कोर्ट एका मनगटी घड्याळाकडे पाहत होतं. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. अठ्ठावन्न. एकोणसाठ. मग आकडे बदलले. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि मोठ्यानं वाचलं, "एक मार्च." दुसरं घड्याळ लावलं, तेही एक मार्च. मग त्यांनी आपल्या कोटाची बाही मागे सारली. मनगटावर तसंच चकचकीत घड्याळ होतं, जावयानं दिलेलं, असं पुढे कळलं. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अच्छा. म्हणून माझं मार्चमध्ये एक दिवस पुढे होतं." मग भानावर येऊन लेखनिकाला म्हणाले, "हे लिहू नका."

कोर्टात मी इतका मोठा हशा पुन्हा कधी ऐकला नाही. नागपूरचे वकीलही हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "पोरी, मशीनला पिंजऱ्यात उभं करता येतं हे मला आज कळलं." त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनीच मला अशा फाइली पाठवल्या. मोठा माणूस होता.

निकाल पुढच्या वर्षी लागला, पण तो कसा लागणार याची कोणालाच शंका नव्हती. अकराही जणींना कामावर परत घ्यावं, सेवा अखंड धरावी, आणि गैरहजेरीचा व दारूचा शेरा दप्तरातून काढून टाकावा. ते शेवटचं वाक्य मी व्हरांड्यात तीनदा वाचून दाखवलं. बाई म्हणाली, "अजून एकदा." चौथ्यांदाही वाचलं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि एवढ्या आवाजाची बाई आवाज न करता रडली. मीही रडले. चाचांनी पेढे आणले होते, ते तसेच पुडीत राहिले.

आदेशाप्रमाणे त्या सोमवारपासूनच रुजू होऊ शकत होत्या. मी तसं सांगितलं. बाईनं मान हलवली.

"सोमवारी नाई. मंगळवारी बाजार करू, बुधवारी जाऊ."

बुधवारी पहाटे मीही एसटीनं गेले. खाणीच्या छोट्या फाटकावर तेच मशीन होतं. मुकादम खाली मान घालून उभा होता, टाइम ऑफिसचे साहेबही होते, आणि मागे खाणीतले बाकीचे लोक, आपली कामं टाकून आलेले. अकरा जणी रांगेनं आल्या. आदल्या दिवशी बाजारात घेतलेल्या नव्या बांगड्या सगळ्यांच्या हातांत. पुढे बाई. तिनं पट्टी काढली, फटीत घातली. टिक् झालं. पण ती पुढे गेली नाही. साहेबांकडे वळून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, आज वार कोणता?"

साहेब काहीतरी पुटपुटले.

"आयकू नाई आलं."

"बुधवार," साहेब म्हणाले.

"कागदावर बरोबर उतरला का थे पाहून घेजा," ती म्हणाली, आणि आत गेली. मागून दहा वेळा टिक् झालं.